खूण केलेला गडवा

ज्या घरात आज कोणाची तरी थाळी वेगळी मांडली जाऊ लागली आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे. थाळी वाढणाऱ्यासाठीही आणि तीत जेवणाऱ्यासाठीही. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. नागपुरात पाचपावलीला माग चालवणारा साधा विणकर आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा औषधांची नावं मला कोणी विचारू नयेत. मला क्षय झाला होता. मी त्यातून उठलो, आणि उठल्यावर जे पाहिलं त्यानं अजून माझी छाती भरून येते. 'छाती भरून आली' असं म्हटलं की घरचे आजही दचकतात, पण त्याला इलाज नाही.

रंगाऱ्याला दिलेल्या शिव्या

आमच्या धंद्यातली एक सवय आधी सांगायला हवी. मागावर ताणलेल्या उभ्या सुतात, म्हणजे तान्यात, आडवं सूत घालण्यासाठी इकडून तिकडे फेकतात, तो लाकडी धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि सुताचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढतात. ते बोटांनी निघत नाही. म्हणून विणकर धोटा तोंडाला लावतो, भोकातून श्वास ओढतो, आणि सूत ओठांत येतं. कांडी संपली की पुन्हा तेच. आजोबांनी तसंच केलं, वडिलांनी तसंच केलं. एकाचा धोटा दुसऱ्यानं उचलून तोंडाला लावला तरी कोणाला त्यात काही वाटत नसे.

त्या सकाळी मी लाल रेशीमकाठाचं पांढरं धोतर विणत होतो. मधल्या पांढऱ्या अंगात एक गुलाबी रेघ दिसली. हातभर पुढे गेलो तर आणखी एक. माझं डोकं सटकलं. काठाचं लाल रेशीम रंग सोडतंय असं समजून मी बसल्या जागेवरून रंगाऱ्याचा उद्धार सुरू केला. शेजारच्या मागावर माझा मोठा भाऊ होता. वडील गेल्यापासून घराचा आणि मागांचा सगळा कारभार दादाच पाहतो. तोही उठून आला आणि माझ्या आवाजात आवाज मिसळून ओरडू लागला.

"त्याले म्या किती डाव सांगतलं का पक्का रंग दे म्हनून! चाल परसराम, आताच जाऊ त्याच्याकडं."

आम्ही निघणार इतक्यात माझी बायको चंद्रभागा कांड्या भरायचं सोडून आली. तिनं धोतर उजेडात धरलं.

"लाल रेशीम काठाले हाये अन् डाग मधात हाये," ती म्हणाली. "काठाजवळचं सूत तं पांढरंच हाये. तोंड उघडा तुमचं."

मी तोंड उघडलं. तिनं पदर माझ्या ओठांवरून फिरवला आणि तो लालसर झालेला पदर मला दाखवला. रंगारी बिचारा त्या क्षणी निर्दोष सुटला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, थुंकी तपासली आणि काम काय करतो ते विचारलं. मी हवेतच धोटा धरून सूत कसं ओढतो ते करून दाखवलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि क्षय म्हणाले. मला वाटलं, आता दादा विचारेल की माझा भाऊ वाचेल का. दादानं विचारलं, "साहेब, याचा धोटा कोनाकोनाच्या तोंडाले लागला ते पाहा लागन का?" त्या दिवशी मला दादाचा इतका राग आला की मरणाची भीतीसुद्धा मागे पडली. त्याच्या दोन्ही लहान मुली दिवसभर मागाशी खेळत, धोटे तोंडात घालून शिट्ट्या वाजवत, हे मला फार उशिरा आठवलं.

घरी आल्यावर त्यानं माझा धोटा फडक्यात बांधला आणि शिडी लावून आढ्याला टांगला. जाळणं शक्य नव्हतं, दसऱ्याला आम्ही धोट्याची पूजा करतो. मग त्यानं छिन्नी घेतली, पाणी प्यायच्या पितळी गडव्याच्या काठावर एक खाच पाडली आणि गडवा माझ्यापुढे ठेवला.

"हा तुहा," तो म्हणाला. खाच अगदी सरळ पडली होती.

लांब ओसरी

इस्पितळ शहराच्या पार कडेला होतं. क्षयाच्या रोग्यांसाठी एक लांबच लांब उघडी ओसरी, तीत खाटांची रांग. सकाळी ताप पाहायचा, दूध प्यायचं, माशाच्या वासाचं तेल डोळे मिटून गिळायचं आणि पडून राहायचं. जेवायचं आणि पडून राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, फिरायचं नाही. झोपून राहण्याची अशी चैन सरकार देतं हे आमच्या मोहल्ल्यात कळलं असतं, तर अर्धा मोहल्ला खोकत खोकत आला असता.

थट्टा करतो आहे, पण भीती वाटायची. सकाळी एखादी खाट रिकामी दिसे आणि थोड्या वेळानं तारेवर एक चादर वाळत पडे. कोणी काही विचारत नसे. आम्ही सगळे त्या चादरीकडे पाहायचं टाळायचो आणि पाहायचोही.

चंद्रभागा भेटायला आली की पायऱ्यांखाली उभी राही. वर यायची परवानगी नव्हती. ती तिथून ओरडून घरच्या बातम्या सांगे, त्यामुळे आमची बकरी व्याली हे साऱ्या ओसरीला कळलं आणि बाजूच्या खाटांवरच्या लोकांनी करडांची नावंही सुचवली. दादा कधीच आला नाही. त्यानं स्वतः विणलेलं एक धोतर तेवढं पाठवलं होतं. मी ते कित्येक दिवस नेसलो नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर दयाराम होता. भिवापूरच्या पलीकडच्या जंगलातला गोंड, वाळलेली मोहफुलं बैलगाडीतून वाहणारा. दुपारी दूरवर अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीची शिटी वाजे. ती गाडी उमरेडवरून त्याच्याच मुलखात जायची. शिटी ऐकली की तो कोपरावर उठून बसे आणि हळू आवाजात सुरू होई.

"तुमच्या नागपुरात काय हाये गा? आमच्याकडं चैतात जमीन गोड होते. झाडं रातभर पिकतेत अन् सकाळी सांडतेत. मानसं तं मानसं, अस्वल बी फुलं खाऊन डुलते."

मला वाटे, ताप याच्या डोक्यात चढला आहे. पण मी रोज त्या शिटीची वाट पाहू लागलो. दयारामला माझ्याआधी घरी सोडलं. जाताना तो म्हणाला, "चैतात ये. दारूच्या देशात येऊन पाह्य एक डाव." मी हो म्हटलं. त्या ओसरीवर सगळेच सगळ्यांना हो म्हणत असत.

घर, म्हणजे घरामागची पडवी

दोन दिवाळ्या इस्पितळात गेल्या. मग पुन्हा पुन्हा तपासून डॉक्टरांनी सांगितलं की थुंकी स्वच्छ आहे, आता घरी जा, झेपेल तेवढं काम कर, तुझ्यापासून कोणाला धोका नाही. मी टांग्यातून उतरलो तो थेट मागाकडे निघालो. दादा दारात आडवा उभा राहिला.

"बाकी काहीबी माग," तो म्हणाला. "धोटा मागू नको."

"डॉक्टर म्हनते ना, बिमारी गेली म्हनून!"

"गेली असन. पन माह्या पोरी याच घरात हायेत. मले भेव वाटते, काय करू?"

माझी सोय मागच्या पडवीत झाली. तिथे पडल्या पडल्या पुढच्या खोलीतल्या मागांची खटखट ऐकू यायची. कोणाचं सूत तुटलं, कोण पेंगतो आहे, सगळं मला कानानं कळत होतं. इस्पितळात मी मरायला घाबरत होतो, पडवीत जगायला घाबरू लागलो. मी वाचलो होतो तो मागावर बसण्यासाठी, आणि धोट्याला तोंड न लावता आमच्याकडे कोणी विणकर असू शकत नव्हता. वरून तो धोटा आढ्याला टांगलेला, येताजाता डोळ्यांसमोर.

चंद्रभागा थाळी उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे सरकायची. एकदा मी ताडकन म्हणालो, "तूबी भेतं का वं मले? डॉक्टरनं सांगतलं तरी?"

"डॉक्टर सांगून आपल्या घरी जाते," ती म्हणाली. "मले दादाच्या घरात राहा लागते." आणि पाठ फिरवून पदरानं डोळे पुसत ती आत गेली. आम्ही कित्येक दिवस त्यानंतर नीट बोललो नाही.

चैत्र लागला. एका दुपारी, वारा त्या बाजूचा असावा, मला पडवीत छोट्या गाडीची शिटी ऐकू आली. मी उठलो आणि पिशवी भरू लागलो. धोतर, घोंगडी आणि खाच पाडलेला गडवा. चंद्रभागेनं भाकरी बांधून दिली.

"कोनाकडं चालले?"

"दयारामकडं."

"तो जिता हाये ना?"

तिनं विचारेपर्यंत हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

छोटी गाडी

गाडीत मी खिडकीशी अंग चोरून बसलो, तोंडावर उपरणं घेतलं. लोक एकमेकांच्या अंगावर रेलून, चणे वाटून खात होते. हे सगळं किती सहज चाललं आहे, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं. उमरेडला एक बाई चढली. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं. गाठोडं ठेवायला हात मोकळा हवा म्हणून तिनं विचारलंही नाही, लेकरू सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरजा भाऊ जरा."

दोन वर्षांत माझ्या हातात कोणी वाटीसुद्धा दिली नव्हती, खाली ठेवून सरकत. ते लेकरू गरम होतं, ओलं होतं, आणि माझं उपरणं ओढत होतं. मी मान वळवून श्वास रोखून बसलो. बाईनं लेकरू परत घेतलं. बाहेर पळस फुलून गेलेले दिसत होते, ते मला धुरकट दिसले.

भिवापूरला उतरलो आणि स्टेशनाबाहेरच्या पहिल्या गाडीवानाला दयारामचं नाव विचारलं. त्यानं चाबूक पुढे केला.

"तो काय, बैलाले शिव्या देऊन राहिला तो!"

दयाराम चांगला गुबगुबीत झाला होता. मला पाहताच त्यानं बैल तसेच सोडले, धावत येऊन मला मिठी मारली आणि उचलूनच घेतलं. "अबे, तू तं वाळल्या फुलापेक्षा बी हलका झाला!" तो म्हणाला. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसलो. ओसरीवर हसायची मनाई होती, ती सगळी बाकी आम्ही तिथे फेडून टाकली.

फुलं पडतात तेव्हा

पहाटे त्यानं मला जंगलाच्या कडेला नेलं. आधी वास आला. गोड, जड, थोडा आंबूस. इस्पितळातल्या तेलानं माझं नाक मेलं आहे असं मी धरून चाललो होतो, पण ते मेलं नव्हतं. मग उजाडलं आणि मोहाची झाडं दिसली. फांद्यांवर पान जवळजवळ नाही, शेंड्यांना फुलांचे घोस लटकलेले. झाडांखालची जमीन गावानं आधीच पालापाचोळा जाळून साफ करून ठेवली होती. आणि त्या काळ्या जमिनीवर फिकी पिवळी, रसानं फुगलेली फुलं पडत होती. टप. मग जरा थांबून, टप टप. वारा नव्हता, कोणी झाड हलवत नव्हतं. सगळीकडून तेवढाच एक आवाज येत होता.

सारा गाव झाडांखाली वाकला होता. टोपल्या भरत होत्या, आणि वेचलेल्या जागी पुन्हा फुलं पडत होती. मी तसाच उभा राहिलो. एक फूल माझ्या खांद्यावर पडलं, मग एक डोक्यावर. जग इतकं उदार आहे आणि मी ओसरीवर पडून एक एक श्वास मोजत होतो, असं वाटून मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. दयारामला ते ठाऊक होतं. तोही परत आल्यावर असाच रडला असणार.

"खोटं बोलत होतो का म्या?" तो इतकंच म्हणाला.

मी नाही म्हणून मान हलवली आणि टोपली मागून घेतली. वाकलो तरी खोकला आला नाही.

द्रोण

ऊन उतरल्यावर आम्ही नाल्यावर दारूच्या ठेकेदाराच्या भट्टीकडे गेलो. मोठ्या मडक्यात भिजून आंबलेली फुलं चुलीवर, वर दुसरं मडकं, आणि बांबूच्या नळीतून थेंब थेंब दारू. वेचून थकलेली माणसं गोल बसली होती. दयारामची म्हातारी आई पानांच्या द्रोणांत ओतून देत होती. पहिला द्रोण तिनं जमिनीवर ओतला, देवासाठी आणि गेलेल्यांसाठी.

मी सवयीनं दूरच्या झाडाखाली बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी पिशवीतून गडवा काढून पुढे केला.

"हे काय आनलं गा?" म्हातारी म्हणाली.

"माहा गडवा हाये, माय. मले वेगळं लागते. बिमारी होती ना."

"दयारामले बी होती." तिनं गडव्यावरची खाच अंगठ्यानं चाचपून पाहिली आणि गडवा माझ्याकडे परत सरकवला. "इथं कोनाचाच गडवा नाही. पान हाये. प्यावं अन् फेकावं."

"मले पानात देऊन राहिली का?"

"साऱ्यायलेच पानात देते गा. तू काय राजा हायेस?"

सगळे हसले. मी आजूबाजूला पाहिलं. गावचा पाटील प्याला आणि द्रोण मागे टाकला. ठेकेदाराचा माणूस प्याला, त्यानंही टाकला. दयारामनं टाकला. मागे पानांचा ढीग पडला होता आणि त्यात कोणाचे ओठ कुठल्या पानाला लागले ते देवालाही सांगता आलं नसतं. दोन वर्षं ज्या रिवाजानं मला वेगळं काढलं होतं, तोच रिवाज इथे सगळे पाळत होते, आणि म्हणून कोणीच वेगळं नव्हतं. मी उठलो आणि गोलात जाऊन बसलो. दयाराम सरकला, त्याच्या खांद्याला माझा खांदा लागला.

दारू डॉक्टरांनी वर्ज्य केली होती. मी जिभेला लावण्यापुरती घेतली. कानापर्यंत गरम झालो. बाकीची हळूच जमिनीवर ओतली, तर म्हातारीनं पाहिलंच. "देवाले लय देलं गा यानं!" ती म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

रिकामा द्रोण टाकवेना, म्हणून मी तो उलगडत बसलो. पानं टोचायला बांबूची बारीक काडी वापरली होती. हात रिकामे असले की विणकराला चैन पडत नाही. मी दयारामचा चाकू घेऊन काडीच्या टोकाशी एक इवलीशी खाच पाडली आणि धोतराच्या दशीत अडकवून ओढली. सूत खाचेत बसलं आणि मागोमाग आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. मग मी काडीकडे पाहतच राहिलो. धोट्याच्या भोकातून ही सहज गेली असती.

परत

मी घरी पोचलो तेव्हा माग चालू होते. तहान लागली होती. पिशवीतून गडवा काढला, तर चंद्रभागेनं तो माझ्या हातातून घेतला. थेट हातातून. नेऊन फळीवर घरच्या गडव्यांत ठेवला.

"घ्या पानी."

मी फळीपाशी गेलो आणि माझा गडवा उचलला. त्यावर खाच होती. शेजारच्यावरही होती. त्याच्या शेजारच्यावरही. पेले, लोटे, दादाचा जेवायचा तांब्यासुद्धा, सगळ्यांच्या काठावर तशीच एक खाच.

"कोनं केलं हे?"

"छिन्नी काय एकट्या दादालेच चालवता येते?" ती म्हणाली. "आता शोधा तुमचा कोनता ते."

दादा मागावरून कुरकुरला, "दोन दिवस ओंजळीनं पानी प्यालो म्या तुह्या बायकोपायी." मग खाली मान घालून म्हणाला, "तिसऱ्या दिवशी कंटायलो अन् उचलला गडवा." चंद्रभागा कांड्यांच्या टोपलीकडे पाहून हसली. तिच्याशी इतके दिवस जे बोललो नव्हतो ते सगळं मला तिथेच बोलावंसं वाटलं, पण नुसतंच तिच्या हातून पाणी घेऊन प्यालो.

मग मी भिवापूरहून खाचा पाडून आणलेल्या काड्यांचा जुडगा दादापुढे ठेवला आणि कसं करायचं ते सांगितलं. त्यानं स्वतःच्या धोट्यात काडी घातली. सूत निसटलं. पुन्हा निसटलं. मग आलं.

"हळू होते काम."

"पन होते."

"तू करशील असं?"

"म्या एकट्यानं नाही, दादा. साऱ्यायनं. एकट्यानं कराचं असन तं पडवीच बरी."

त्यानं काडी दोनदा बोटांत फिरवली. मग उठला, शिडी लावली आणि आढ्यावरून माझा धोटा खाली आणला. फडकं सोडलं, सोग्यानं धूळ पुसली, टोपलीतली एक भरली कांडी त्यात बसवली. मी काडी पुढे केली. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. जन्माची सवय, त्यानं धोटा सरळ तोंडाला लावला आणि श्वास ओढला.

सूत त्याच्या ओठांत आलं.

चंद्रभागेचा कांड्या भरायचा चरखा थांबला. दादाच्या लक्षात आलं तेव्हा सूत त्याच्या दातांत होतं आणि माझा धोटा त्याच्या हातात. तो माझ्याकडे पाहत राहिला.

"दादा," मी कसाबसा म्हणालो, "काडी..."

त्यानं सुताचं टोक ओठांतून काढलं, दाराच्या उजेडाकडे धरलं आणि निरखून पाहिलं. पांढरं होतं. मग धोटा माझ्या हातात दिला.

"काडी उद्यापासून," तो म्हणाला. "आता बस मागावर. ताना वाट पाहून राहिला."